जाड, गोलमटोल आणि मधे मधे तुटलेला: स्टेन्सिल फॉण्ट देवनागरीत कसा जमवायचा?

रेघोटी:

मंडळी, एक डिस्प्ले फॉण्ट करतेय आणि त्यात एका जागी अडकलेय, म्हणून धागा काढतेय. फॉण्ट एकदम जाड आहे, टोकं सगळी गोल, आणि प्रत्येक अक्षरात एखाददुसरी फट, म्हणजे स्टेन्सिलमधे (अक्षरं कापलेला साचा, त्यावरून रंग मारतात) असते तशी. पण ते खोक्यांवर मारलेल्या शिक्क्यांसारखं रांगडं नकोय मला, खेळकर हवंय, लहान मुलांच्या प्रदर्शनाचं पोस्टर, पुस्तकाचं कव्हर, मोठ्या भिंतीवरचे दोनतीन शब्द असल्या कामासाठी.

रोमन भाग जवळजवळ झालाय. १००० युनिटचा एम (म्हणजे अक्षराचं मूळ माप), उभा दांडा १९० युनिट, फट ३० युनिट. रोमन ओ उभ्या फटीने दुभागला, ए ची आडवी दांडी एका बाजूने सोडवली, बी ला दोन फटी. एवढ्या जाडीत आतल्या पोकळ्या अगदी चिमुकल्या राहतात, पण फट त्यांना बाहेरच्या पांढऱ्याशी जोडून टाकते, त्यामुळे अक्षर गुदमरत नाही, उलट जितकं जाड करावं तितकं छान दिसायला लागतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

देवनागरीत मात्र हाच नियम लावला की अक्षरंच बदलतात. म घ्या. डावा हात, मधली आडवी रेघ, उजवा दांडा आणि वर शिरोरेषा, यांच्यामधे एक चौकोनी पोकळी बंद झालेली असते. खरी स्टेन्सिल कापली तर तो तुकडा गळून पडणार, म्हणजे कुठेतरी फट द्यायलाच हवी. सगळ्यात सोयीची जागा शिरोरेषा. तिथे फट दिली की म चा भ व्हायला लागतो! घ चा ध होतो. य सुद्धा थ कडे झुकतो. म्हणजे देवनागरीत शिरोरेषेतली फट हीच काही अक्षरांची ओळख आहे आणि मला नेमकी तीच दागिन्यासारखी वापरायचीये.

यावर कोणी काम केलंय का? किंवा नुसतं वाचक म्हणून काय वाटतं तेही सांगा.

टिंबटिंब:

भारी विषय! मी फॉण्टवाला नाही, पोस्टरं करतो. एकच शंका, स्टेन्सिल म्हटलं की डोळ्यासमोर लष्करी खोकी, तोफगोळे, "नाजूक वस्तू, सांभाळा" असलंच येतं. गोल टोकांनी तो वास जाईल का?

जुनाखिळा:

टिंबटिंब, तो वास स्टेन्सिलचा नाही हो, एका ठराविक अक्षराचा आहे. १९३७ साली अमेरिकेत स्टेन्सिल याच नावाचे दोन टाइप महिन्याभराच्या अंतराने आले, एक लडलो या टाइप कंपनीचा, रॉबर्ट हंटर मिडल्टन यांचा, दुसरा अमेरिकन टाइप फाउंडर्सचा, गेरी पॉवेल यांचा. जाड, सेरिफ (रेघांच्या टोकांना छोटे पाय) असलेलं, फक्त कॅपिटल. पुढे तेच इतकं वापरलं गेलं की स्टेन्सिल म्हणजे खोकी हे समीकरण बसलं.

पण त्याआधीचं बघा ना. सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधे फियो दे बियेत नावाच्या गृहस्थांनी तिथल्या विज्ञान अकादमीसाठी स्टेन्सिलने अक्षरं कशी मारतात याचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलंय. चर्चमधली मोठाली गाण्याची पुस्तकं अशी मारायचे, आणि ती अक्षरं नाजूक, छापील टाइपच्या तोडीची. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८१ मधे पॅरिसच्या ज्यां गाब्रिएल बेरी यांच्याकडून पितळी स्टेन्सिलचा संच घेतला, तो अजून फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत जपून ठेवलाय. त्यात लष्करी काही नाही.

आणि रेघोटीताईंना हवंय त्याच्या जवळचं म्हणजे १९२० च्या दशकातलं जर्मन काम. योसेफ आल्बर्स यांनी बाउहाउस या कलाशाळेत चौकोन, पाव वर्तुळ आणि वर्तुळ एवढ्या तीनच आकारांतून आख्खी अक्षरमाला बांधली, तुकडे एकमेकांना न जोडता शेजारी शेजारी ठेवायचे, डोळा जोडून घेतो. पाउल रेनर यांचा फ्युचुरा ब्लॅक १९२९ चा. तो बघाच. त्यात पोकळ्या जवळजवळ नाहीतच, भरीव ठोकळे आणि मधे फटी, तरी वाचता येतो आणि गंमतशीर दिसतो. पुढच्याच वर्षी मोनोटाइपचा ब्रॅगॅडोचिओ आला, त्याच कुळातला.

टिंबटिंब:

काका, धन्यवाद, फ्युचुरा ब्लॅक आत्ता उघडून बघितला. शंका फिटली.

कर्व्हवेडी:

रेघोटी, देवनागरीकडे येतेच, पण आधी टोकांचं बोलू, कारण तू पूर्ण गोल टोकं ठेवणार असशील तर फटीचं सगळं गणित बदलतं.

तुझा दांडा १९० चा, म्हणजे पूर्ण गोल टोकाची त्रिज्या ९५. आता दांडा मधे कापला आणि कापलेली दोन्ही टोकंही तशीच गोल केली, तर मधोमध फट ३० ची दिसेल पण कडेला दोन्ही बाजूंनी ९५-९५ आत गेल्यामुळे तोंड २२० चं उघडतं! म्हणजे ती फट राहतच नाही, तिथे दोन्ही बाजूंनी पांढरे त्रिकोण घुसतात आणि अक्षराचे कॅप्सूलसारखे सुटे तुकडे होतात. एका शब्दात असे वीस तुकडे झाले की वाचणारा आधी तुकडे बघतो, मग शब्द.

म्हणून मी नेहमी दोन वेगळे नियम ठेवते. अक्षराची स्वतःची टोकं, म्हणजे जिथे रेघ खरंच संपते, ती पूर्ण गोल. आणि फटीसाठी कापलेली टोकं जवळजवळ सपाट, कोपऱ्याला फक्त १०-१२ ची त्रिज्या. १२ धरली तर कडेला तोंड ५४ चं होतं, चालतं. गोल शेवट आणि सरळ काप यांच्यातला फरकच डोळ्याला सांगतो की रेघ इथे संपलेली नाही, फक्त मधे थांबलीये. माझ्या मते अशा फॉण्टचा सगळा खेळकरपणा इथेच असतो, कुठलं टोक खरं आणि कुठलं कापलेलं हे डोळ्याला न विचारता कळलं पाहिजे.

अजून एक, गोल टोकं सपाटपेक्षा आखूड दिसतात, तेव्हा ती रेषेच्या थोडी बाहेर काढावी लागतात. तुझ्या जाडीला १०-१५ युनिट तरी.

रेघोटी:

वा, हे दोन प्रकारच्या टोकांचं फारच पटलं. रोमनमधे मी कापलेल्या टोकांना ४० ची त्रिज्या ठेवलीये, १२ करून बघते.

उभीरेघ:

+१ कर्व्हवेडी. त्यात एक भर, फट आणि दोन अक्षरांमधली जागा यांचं नातं. फट ३० आणि अक्षरांमधली जागाही ३०-४० असेल तर डोळ्याला कळत नाही कुठला तुकडा कुणाचा. रोमन एन चा दुसरा पाय सुटा केला की तो शेजारच्या अक्षराचा वाटायला लागतो. अक्षरांतली जागा फटीच्या दुप्पट तरी ठेवा. जाड डिस्प्ले फॉण्ट घट्ट बसवायचा मोह होतो, मला पण होतो, पण स्टेन्सिलमधे तो आवरावा लागतो.

पत्राकापू:

मी प्रत्यक्ष स्टेन्सिल कापण्याचं काम करतो, पत्रा, प्लास्टिक शीट, जाड कागद सगळं. फॉण्ट नुसता पडद्यावर स्टेन्सिलसारखा दिसायचा असेल तर माझं बोलणं सोडून द्या, पण कुणीतरी तो कापायला घेणारच, हे नक्की.

तुम्हाला जी फट दिसते तो माझ्यासाठी ब्रिज असतो, म्हणजे शिल्लक राहिलेला पत्रा. त्यावर आतलं बेट, म्हणजे पोकळीचा तुकडा, तोलून धरायचं असतं. एका ब्रिजवर बेट लटकतं पण रंग मारताना फडफडतं आणि खालून रंग जातो, म्हणून मोठ्या बेटाला दोन ब्रिज, शक्यतो समोरासमोर. तुमचा ३० युनिटचा ब्रिज ७२ पॉइंटला, म्हणजे एक इंचाला, पाऊण मिलिमीटर होतो. लेझर जिथून जातो तिथलं थोडं मटेरियल जळून जातं, समजा ०.२ मिलिमीटर, आणि फाइलमधे ते धरलेलं नसेल तर दोन्ही बाजूचे काप मिळून ब्रिज तेवढा बारीक होतो, म्हणजे हातात राहिला अर्धा मिलिमीटर आणि चिमूट. कागदात तो टिकत नाही. तेच अक्षर एक फुटाचं केलं तर ब्रिज नऊ मिलिमीटरचा, काही चिंता नाही.

कर्व्हवेडीताईंनी कोपरे गोल ठेवा म्हटलंय ते आमच्याही फायद्याचं. टोकदार आतला कोपरा असला की शीट तिथूनच फाटायला लागते, थोडी जरी गोलाई असली तरी ताण पसरतो.

आता शिरोरेषा. चार-पाच अक्षरी शब्दाची सलग शिरोरेषा कापली तर एक लांबच लांब चीर होते. तिच्या खालची सगळी शीट दोन टोकांना आणि खालच्या बाजूला धरलेली, मधे झोळ येतो. दोन दांड्यांच्या मधल्या जिभा तर फक्त खालूनच धरलेल्या असतात, त्या वर उचलल्या जातात. त्यामुळे खरी कापायची तर शिरोरेषा कुठेतरी तुटलीच पाहिजे. म चा भ होणार नाही अशी जागा शोधून द्या, म्हणजे आमची पण सोय होईल.

रेघोटी:

पत्राकापू, हे सोन्यासारखं आहे. जिभांचं तर माझ्या डोक्यातच आलं नसतं, पडद्यावर त्या दिसतच नाहीत ना.

काना_मात्रा:

रेघोटी, तुझ्या म-भ प्रश्नाकडे जरा उलट बाजूने बघ. भ, ध, थ ही अक्षरं मुळातच उघडी आहेत, त्यांच्या पोकळीला डावीकडून वर वाट आहे, म्हणजे त्यांना ब्रिज जन्मतःच मिळालाय! बंद कोण आहेत? म, घ, य, प, ष, स. या सगळ्यांची पोकळी शिरोरेषेने वरून झाकलेली. तर नियम सोपा कर, शिरोरेषा तोडायचीच नाही. शिरोरेषेला लागणारा डावा हात तोड.

म्हणजे म मधे डावा हात वर जातो तिथे, शिरोरेषेच्या अगदी खाली, एक आडवी फट. शिरोरेषा वरून अखंड जाते, उजवा दांडा तिला चिकटलेला राहतो, डावा हात मधल्या आडव्या रेघेने दांड्याला धरून आहेच. पोकळी उघडली, बेटाला ब्रिज मिळाला, आणि शिरोरेषा अख्खी असल्यामुळे कोणी भ वाचणार नाही. घ चं वरचं टोक, य चं, प चं, सगळ्यांना हीच फट. आणि भ-ध-थ ला हात लावायचाच नाही, फक्त त्यांचं स्वतःचं गोल वळण छान फुगवायचं.

एकाच उंचीवर सगळ्या फटी आल्या की शब्दात एक तुटक आडवी ओळ दिसते शिरोरेषेखालून, तीच फॉण्टची ओळख होऊन जाईल.

कर्व्हवेडी:

अरे वा!! हे फार सुंदर आहे.

उभीरेघ:

छान आहे, पण मी एक पाऊल पुढे जाऊन विचारतो, आडवी फट उजव्या दांड्यातूनही का नेऊ नये? म्हणजे शिरोरेषा पूर्ण वेगळी, अक्षरं खाली तरंगतायत. एकदम स्वच्छ दिसेल.

काना_मात्रा:

करून बघितलंय मी कागदावर. दिसतं स्वच्छ, पण दोन गोष्टी होतात. एक तर शिरोरेषा नुसती पट्टी वाटायला लागते, शब्दाच्या डोक्यावर कुणीतरी वेगळी रेघ ओढल्यासारखी, म्हणजे अधोरेखितचं उलटं. आणि दुसरं, ट ठ ड ढ द ह यांची जी आखूड मान असते ती नाहीशी होते आणि ही अक्षरं वरून सुटी पडतात. दांडा चिकटलेला राहिला तर शब्दाला कणा राहतो. माझं मत दांडा न तोडण्याकडे.

जुनाखिळा:

काना_मात्रा बरोबर सांगतायत. जाड देवनागरीत दांडा आणि शिरोरेषेचा कोपरा हा वाचणाऱ्याचा आधार असतो.

थोडं वेगळं सांगतो, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी मोदक हा फॉण्ट उघडून पाहा. 'एक टाइप' या फॉण्ट करणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी केलेला आहे, सारंग कुळकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा, गूगल फॉण्ट्सवर खुला आहे. तो स्टेन्सिल नाही, पण देवनागरी किती फुगवता येते आणि पोकळ्यांची नुसती बारीक चीर ठेवली तरी अक्षर कसं उभं राहतं, ते त्याच्याइतकं दुसरीकडे शिकायला मिळणार नाही. त्यांचाच बलू पण बघा, तो गोल टोकांचा आणि त्यात देवनागरीखेरीज इतरही भारतीय लिप्या आहेत. तुमची फट कुठे जावी हे ठरवताना मोदकच्या चिरा कुठे ठेवल्यात याचा अभ्यास करा, बऱ्याच ठिकाणी उत्तर आयतं मिळेल.

रेघोटी:

काका, मोदक मी वापरलाय पण या नजरेने कधी बघितला नव्हता. आज रात्रीचं काम ठरलं.

काना_मात्रा, तुमचा नियम लावून म, घ, य, प चार अक्षरं काढली. चालतंय! म ठामपणे म दिसतोय. आता पुढच्या अडचणी मांडते, कारण मला दिसतंय की प्रत्येक गटाला वेगळं उत्तर लागणार.

१. ठ. गोल कडं आहे, आत पूर्ण बेट. रोमन ओ सारखी फट द्यायची तर कुठे? उजवीकडे दिली की ट होतो.

२. व आणि ब. फट तिरपी गेली की व चा ब दिसतो. तसंच प चा ष.

३. ख. खालचा जोड सुटला की सरळ रव.

४. ळ. याचं काय करू कळत नाहीये, आणि ते माझं सगळ्यात आवडतं अक्षर आहे.

काना_मात्रा:

ठ साठी, मान शिरोरेषेसोबत ठेव आणि कड्यापासून सोडव. मग कडं उभ्या फटीने डावं-उजवं दुभाग, वर आणि खाली. दोन ब्रिज समोरासमोर, पत्राकापूही खूश. उजवी बाजू अखंड राहिल्यामुळे ट होणार नाही. शून्यालाही हेच, मात्र फट बारीक ठेव, रुंद झाली की ० ऐवजी दोन कंस दिसतात.

कर्व्हवेडी:

२ साठी एकच सोपा कायदा कर, आख्ख्या फॉण्टमधे तिरपी फट नाही. फट एकतर आडवी नाहीतर उभी. तिरपं जे काही असेल ते अक्षराचं स्वतःचं, म्हणजे ब ची आणि ष ची तिरकी रेघ. मग वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत सवय होते की तिरकं दिसलं की त्याला अर्थ आहे. व ला फट पोटाच्या खालच्या बाजूला, दांड्याला लागून, उभी. ब ला पण तिथेच, पण ब च्या पोटात तिरक्या रेघेमुळे दोन बेटं होतात, तर तिरक्या रेघेचं एक टोक मोकळं सोड, दोन्ही बेटं एकमेकांना मिळतील.

प चा खालचा जोड मात्र कधीच तोडू नकोस. प चा डावा भाग दांड्यापासून सुटला की तो ग च्या वाटेने जातो, कारण ग, ण, श हे मुळातच दोन तुकड्यांचे, आपला डोळा "सुटा तुकडा आणि शेजारी दांडा" असं दिसलं की आधी त्यांचाच विचार करतो. प ला वरची फट आहे तेवढी पुरे.

ख चं पण तसंच, खालचा जोड पवित्र समज. र आणि व यांना जोडणारी ती खालची रेघच ख ला ख ठेवते. व च्या पोटाला फट वरच्या बाजूला दे.

पत्राकापू:

ळ मी कापलाय बऱ्याचदा, हाताने. दोन कडी शेजारी शेजारी आणि मधे जोड. मधला जोड तोडला की दोन शून्यं उरतात, म्हणून मधे हात लावत नाही. दोन्ही कड्यांना खालच्या बाजूला एकेक उभा ब्रिज आणि वर एकेक, मानेपासून लांब. चार ब्रिज होतात पण अक्षर मोठं असल्यामुळे जास्त वाटत नाहीत. उलट गोल जाड फॉण्टमधे ळ सगळ्यात देखणा दिसतो, माझा अनुभव आहे.

टिंबटिंब:

ळ चं पोस्टर करा कुणीतरी, नुसता एक ळ, भिंतभर.

रेघोटी:

टिंबटिंब, नमुन्याचं पहिलं पान तेच असणार!

म, न, भ, थ मधल्या छोट्या गाठींचं राहिलं. मी त्या भरीव करून टाकल्यात, गोल थेंबासारख्या. या जाडीला आत पोकळी ठेवायला जागाच नाही आणि भरीव असल्या तरी वाचायला काही अडत नाही असं मला दिसतंय. कुणाला खटकतंय का?

जुनाखिळा:

अजिबात नाही. जाड मथळ्याच्या अक्षरांत गाठी भरीवच शोभतात. शिवाय थेंब गोल असल्याने तुमच्या गोल टोकांशी नातं जुळतं. अनुस्वार त्याच थेंबाच्या मापाचा ठेवा, थोडा मोठा.

काना_मात्रा:

आता कापायच्या आवृत्तीचं बोलू, कारण तिथे शिरोरेषा तोडायचीये आणि ते फॉण्टच्या आतल्या नियमांवर अवलंबून आहे.

प्रत्येक ग्लिफ, म्हणजे फॉण्टमधला एकेक आकार, आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतो आणि पुढच्याशी थोडा ओव्हरलॅप होतो, नाहीतर मधे केसासारखी रेघ दिसते. तोडायचं तर हा ओव्हरलॅप काढून तुकडा आखूड करायचा. पण सरसकट प्रत्येक ग्लिफला केलं तर काना पण सुटा पडतो, "गा" मधे ग वेगळा, काना वेगळा. तसं नको. फट फक्त अक्षराच्या सुरुवातीला, म्हणजे व्यंजनाच्या डाव्या कडेला. काना, मात्रा, दीर्घ वेलांटी यांना फट नाही, ते आधीच्या अक्षराला धरून.

पहिली वेलांटी मात्र फसवते. ती उच्चारात नंतर पण दिसायला आधी. "कि" मधे फट वेलांटीच्या डावीकडे हवी आणि क च्या डावीकडे नको. त्यासाठी क चं बिनफटीचं रूप वेगळं ठेवून वेलांटीनंतर आलं की ते घ्यायचं, असा कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट लिहावा लागेल. जोडाक्षरांत अर्ध्या अक्षराला फट, त्याच्या पुढच्या पूर्ण अक्षराला नाही.

आणि रुंदी. ही कापायची फट ३० च राहू दे, पण भ, ध, थ ची स्वतःची मोकळी जागा किमान १०० च्या वर ने. दोन्ही फटी एकमेकींच्या जवळपास आल्या की परत म-भ चा घोळ सुरू. एक फट बांधणीची आणि एक अक्षराची, हे लांबूनही कळलं पाहिजे.

उभीरेघ:

हे सगळं एका स्टायलिस्टिक सेटमधे (फॉण्टमधलीच चालू-बंद करता येणारी पर्यायी रूपं) टाकता येईल, नेहमीच्या वापरात शिरोरेषा अखंड आणि सेट चालू केला की कापायची आवृत्ती. लोकांना दोन फाइली सांभाळायला नकोत.

कर्व्हवेडी:

आणि फटीची रुंदी व्हेरिएबल अ‍ॅक्सिस म्हणून दे ना रेघोटी, म्हणजे वापरणाऱ्याला ती कमीजास्त करता येईल. ३० युनिट म्हणजे ४८ पिक्सेलच्या अक्षरात जेमतेम दीड पिक्सेल, १६ पिक्सेलला तर अर्धा पण नाही, तिथे फट नुसती करडी धूसर दिसते. लहान आकाराला फट रुंद, भिंतीवर बारीक. अ‍ॅक्सिसच्या एका टोकाला फट पूर्ण बंद करायची असेल तर नेमकी शून्यावर थांबू नकोस, दोन तुकड्यांच्या कडा जिथे चिकटतात तिथे स्क्रीनवर बारीक रेघ राहतेच. तुकडे थोडे एकमेकांच्या आत जाऊ दे, मग रेघ जाते.

टिंबटिंब:

वापरणाऱ्याच्या बाजूने एक विनंती. मराठी ल आणि श विसरू नका. बऱ्याच फॉण्टमधे ते असतात पण पानाची भाषा मराठी नोंदवलेली नसली की हिंदी रूपं येतात, आणि पोस्टर करणाऱ्याला ते सेटिंग कुठे आहे हेच माहीत नसतं. शक्य असेल तर सरळ मराठी रूपच मूळ ठेवा.

रेघोटी:

मराठी रूपच मूळ, हिंदी रूप भाषेनुसार बदलेल, असंच करतेय. आणि या जाडीत तो दोन पोटांचा ल असा काही भरदार दिसतो की दुसरा ठेवावासाच वाटत नाही.

तर आत्तापर्यंत ठरलेलं असं. शिरोरेषा अखंड, डाव्या हाताला तिच्याखाली आडवी फट. तिरपी फट कुठेच नाही. प, ख, ळ यांचे जोड अबाधित. कापलेली टोकं सपाट, त्रिज्या १२. कापायच्या आवृत्तीचा सेट वेगळा. अ‍ॅक्सिस फटीच्या रुंदीचा, तो मात्र सगळ्यात शेवटी घेणार, कारण आधी सगळ्या अक्षरांचे तुकडे दोन्ही टोकांना सारखे जुळले पाहिजेत.

एक प्रश्न अजून. तपासायला शब्द कुठले घेऊ? एकेक अक्षर सुटं बघून सगळंच बरोबर वाटतं.

काना_मात्रा:

जोड्या घे आणि शेजारी नको, वेगवेगळ्या कागदावर लिही, म्हणजे तुलना करून ओळखता येणार नाही. मर / भर. घन / धन. यान / थान. वर / बर. पाट / पाठ. खाना / रवाना. ज्याला फॉण्टबद्दल काही माहीत नाही अशा माणसाला लांबून एकेक दाखव आणि मोठ्याने वाचायला सांग. जिथे अडखळेल तिथे फटीची जागा चुकलीये.

पत्राकापू:

यातला "घन" आणि "पाठ" आणि एखादा ळ वाला शब्द, "बाळ" चालेल, एवढ्या तीनची आउटलाइन फाइल मला मेसेजमधे पाठवा. जाड कागदात आणि प्लास्टिक शीटमधे दोन्हीत कापून, रंग मारून फोटो इथेच टाकतो. ओव्हरलॅप काढून पाठवा फक्त, नाहीतर लेझर त्या आतल्या रेघांवरूनही फिरतो. आणि अक्षराची उंची किमान चार इंच ठेवा.

रेघोटी:

पाठवते. ब मधे तिरक्या रेघेचं वरचं टोक मोकळं सोडलंय, तो ब्रिज धरतोय की नाही ते खास बघा, मला तिथेच शंका आहे.

पत्राकापू:

वरचं सोडलंत तर तिरकी रेघ खालून धरलेली राहते आणि दोन्ही बेटं वरच्या टोकाशी एकमेकांना मिळतात, पण बाहेरच्या शीटला धरायला तो एकटा दांड्यालगतचा ब्रिज उरतो. एकावर फडफडेल. पोटाच्या डाव्या बाजूला अजून एक आडवा ब्रिज द्या, ३० ऐवजी ३५ चा. व ला पण तिथेच द्या म्हणजे दोघं जुळतील.